गोळ्या सुटल्या, दुखणं नाही

मंडळी, कामधंदा सोडून प्रकाशच्या शोकसभेला आलात, बरं केलंत. मी पाना हातात धरून वर आलेला माणूस. मोटारीसमोर माझा आवाज निघतो, माणसांसमोर नाही. आज तर नाहीच.

प्रकाश माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पाच वर्षं होता. त्याआधी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे. तिथं शिडीवरून पडला, कंबर गेली. दुखणं थांबेना म्हणून गोळ्या, मग गोळ्याच थांबेनात. स्वतःहून उपचार घेतले, त्यातून सुटला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथंच घोटाळा झाला.

मी काय केलं? गल्लीतल्या तिन्ही मेडिकलवाल्यांना सांगून आलो, "आपल्या प्रकाशला काही द्यायचं नाही." वाटलं, भलं केलं. एकदा तो कंबरेला लावायचं साधं मलम आणायला गेला. मेडिकलवाल्याचा मला फोन. "शेठ, देऊ का?" प्रकाश त्याच्यासमोर उभा. पन्नाशीचा माणूस. मी म्हणालो, "नको."

परत आला. म्हणाला, "शेठ, गोळ्या सुटल्या हो. दुखणं नाही सुटलं."

मी म्हणालो, "आली का गोळ्यांची आठवण?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दुखतं म्हणून तो कधी बोलला नाही. चहाच्या सुट्टीत जमिनीला पाठ टेकायचा, तेही बंद केलं. दिवसभर उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, गडी लय सुधारला! डबा मात्र तसाच परत जायचा. त्याच्या पत्नी, सुनीतावहिनी, मला सांगायला आल्या, "डॉक्टर म्हणतात, मन खचलंय. कंबर आणि मन, दोन्हींचा इलाज पाहिजे." मी म्हणालो, "वहिनी, कामात राहिला की होईल ठीक."

मोटार सुरू केली की कुठलं बेअरिंग गेलंय, ते मी दारातून सांगतो. प्रकाश माझ्यापासून चार हातांवर काम करायचा.

गेल्या सोमवारी सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर वहिनींना म्हणाला, "दुकानात बोललो असतो, तर शेठ म्हणाले असते, आली का आठवण." दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

वहिनी, तुम्ही हे मला जसं सांगितलंत, तसंच इथं सांगितलं. कमी केलं नाही.

उपचारातले त्याचे दोन सोबती मागं बसलेत. दादांनो, दुकानाचं दार उघडं आहे. दुखतंय म्हणालात तर आधी डॉक्टरकडे जाऊ. बाकी काही विचारणार नाही.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. ज्याचं दुखतंय, त्यानं बसूनच राहावं. कोणी वळून बघू नका.

प्रकाश, तू बस रे.