चकचकीत बोल्ट

डिलाईल रोडच्या नटबोल्टच्या दुकानात माझ्यापुढच्या तरुणाने काउंटरवर एक चकचकीत बोल्ट ठेवला.

"काका, असाच अजून एक द्या. बाबांच्या जुन्या फिएटच्या सस्पेन्शनला, स्पेअर म्हणून."

"हा स्टेनलेस आहे. सस्पेन्शनला कोण लावतं?"

"गिरगावच्या खाऱ्या हवेत साधे गंजतात. मी सगळे हेच लावलेत."

"अरे, हे जिन्याच्या रेलिंगचे. सस्पेन्शनला जास्त ताण सोसणारा हायटेन्साइल लागतो, डोक्यावर आकडा असलेला. हा घाटात तुटेल."

"तुटेल?"

"गाडी बाहेर काढू नकोस."

"बाबा सकाळीच एकटे निघालेत. आत्याला आणायला, महाबळेश्वरला."

"मग फोन लाव ना."

"लावतोय."

"काय म्हणतात?"

"गाडी चालवताना ते फोन बंद ठेवतात, काका."