ठेका सुटू दिला नाय

—नाय रे, कोणी उठवत नाय तुला, बस. ड्यूटीवरून तसाच आलायस, असू दे, केमिकलचा वास आमच्या नाकाला सवयीचा हाय. ह्या हैबतीच्या पडवीत कुणाला नाय म्हणत नाय. येईल त्याच्या हातात झांज द्यायची, गाणं आपोआप येतं. आत चहा ठेवतेय ना, ती मैना — तळीयेची. दरडीत तिची सगळी माणसं गेली. पयल्यांदा आली तेव्हा तोंडातून शब्द नव्हता, नुसती बसायची. आता गौरीच्या गाण्यांना तीच पुढं — ती नको रे! ती ढोलकी ठेव. अनिलची हाय. माझाच चेला. जाखडीच्या नाचाला ढोलकी घेऊन उभा राह्यला की म्हातारी माणसं पण पाय आपटायची. आता नाय वाजवत. पायरीवरून पडला, बोटं मोडली. हां, दोन्ही हातांची. पडतो एकेकजण तसा — तू पण हवालदारासारखाच बघतोस की रे माझ्याकडं!

बरं, ऐक. पूजा त्याची बायको. मीच बोलवली तिला, म्हटलं घरात कशाला गुणगुणतेस, इथं येऊन गा. आणि गायली रे पोर — अनिलच्या ढोलकीकडं कुणाचं ध्यान राह्यलं नाय. तिथंच बिघडलं. घरी मारायचा, ती ओढणी गळ्याशी घट्ट घेऊन यायची, आमी बघायचो. काय बोललो? काय नाय बोललो. असा ढोलकीवाला परत कुठून आणायचा? मंग त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत, ती वरचा सूर लावतेय आणि ह्यानं ढोलकी उचलून तोंडावर घातली तिच्या. जबडा असा — बाजूला गेला. दात पडले चटईवर. ती पडली तरी ह्याच्या लाथा चालूच, "गा आता, गा!"

मंग आतनं मैना आली. हातात वरवंटा. डोक्यातच घातला त्याच्या. तो खाली आल्यावर आमच्यात गाणारी ठकूबाई त्याच्या छातीवर बसली, बाकीच्या बायांनी हात धरले, उंबऱ्यावर ठेवले, आणि मैनानं एकेक बोट — तो ओरडत होता, "हैबतीतात्या, सांगा ह्यांना! तात्या, माझे हात!" ते हात मीच घडवलेले रे. लहान होता तेव्हा बोटं धरून थाप शिकवली त्याला.

मी? मी वाजवत होतो. माझी ढोलकी मांडीवरच होती ना. बाहेर रस्त्यावर माणसं जात होती, ओरडणं ऐकू गेलं असतं — म्हणून जोरात वाजवली. "गा गो!" म्हणून मीच ओरडलो, नि दोघी-तिघी रडत रडत गायल्या पण. शेवटचं बोट होईस्तवर ठेका सुटू दिला नाय मी. आणि खोटं कशाला सांगू, तसा हात माझा जल्मात चालला नव्हता. बरं वाटत होतं रे. तो ओरडत होता आणि मला —

तो आता मुंबईला, भावाकडं. भाऊ भरवतो त्याला. पूजाचा जबडा तारांनी बांधला, पण वाकडाच बसला. शब्द नीट येत नाय, सूर तेवढा येतो. तरी येते. मैनाच्या शेजारी बसते, आणि —

गप. फाटक वाजलं. सरक तिकडं, जागा दे तिला. ये गो पूजा, ये. हां, नवीन माणूस हाय. नाय गो, काय नाय सांगितलं त्याला. गाण्याचंच बोलत होतो.