घाटात घेतलेलं नाव

नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून नाकं मुरडताय व्हय गं? चा घ्या आन् ऐका.

कोयनेचं धरण नुकतंच झालतं तवाची गोष्ट. आमचे हे मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलते. भावाची फटफटी घेतली आन् मला घाट दाखवाय निघाले. टेकडी दिसली की गाडी थांबवायची आन् म्हणायचं, "चल, वर चढू!" मागं वळून बघायचं नावच न्हाई. मी आपली नऊवारी सावरत मागनं पळत हुते.

तिसऱ्या टेकडीवरनं उतरलो, हे गाडी चालू करून बसले. मी भाकरीचं गठुडं सीटवर ठेवलं आन् पायातला काटा काढाय वाकले. गठुड्याचा धक्का लागला, ह्यांना वाटलं बायको बसली. गेले की भुर्रकन!

रस्ता वळून माझ्या खालनंच जात हुता. मी कठड्यावरनं वरडले, "आवं! आवं, थांबा की!" खडी फोडणाऱ्या चार बाप्यांनी वर बघितलं, ह्या बाबानं न्हाई. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतंय म्हणून मी ते कवा उच्चारलं नव्हतं. पर माझं डोकंच फिरलं.

"ए दगडू!"

कचकन ब्रेक लागला. माघारी आला त्यो लालबुंद हून. "चारचौघांत माझं नाव घेतलंस? लाज वाटली न्हाई?"

"आन् बायकू सोडून भाकरी घिऊन जाताना तुमाला वाटली का?"

तवापासनं मी नावानंच हाक मारते. घटलं का आयुष्य? त्यो बघा, पडवीत बसून तिसरा चा मागतोय.