बरण्या बावीस, टक् एकवीस

…आणि वारा तर असा मेलेला, तुम्हाला सांगतो, की ताडाचं पान हलेना, आभाळ अंगावर गोधडी टाकल्यासारखं, बसल्या जागी घाम, आणि अशा दिवशी आमच्या सुनबाईंना, सुनिताला, चुलीवर पाणी उकळायचं होतं! कशाला? तर वाडीतल्या आंब्याचा रस बरण्यांत भरायला. तलासरीला बचतगटाच्या बाया शिकून आल्या ना! बरणीत रस भरायचा, पत्र्याचं झाकण लावायचं, बरणी उकळायची, बाहेर ठेवायची. थंड होताना झाकण खाली बसतं आणि वाजतं, टक्!

"बाबा, टक् झालंच पाहिजे हं! नाही झालं तर आतला रस म्हणजे विष. वास नाही, रंग नाही, माणूस मात्र सरळ वर!"

मी म्हटलं, बाई गं, आजवर आंबा सुकवून खाल्ला, मिठात घालून खाल्ला, कधी आंब्याला घाबरलो नाही…

आता आमच्या घरची रीत अशी, की नवं फळ आधी गावदेवाला, मग शेजाऱ्याला. शेजाऱ्यानं तोंडात घातल्याशिवाय घरच्यानं शिवायचं नाही. म्हणून पहिली बरणी निघाली तशी गमछ्यात गुंडाळून, गरम गरम, देवाच्या दगडापुढे टेकवून आणली आणि तशीच मोरूच्या हातात दिली. मोरू म्हणजे आमचा शेजारी, जन्माचा सोबती. मग घरी येऊन बरण्यांपुढे बसलो. सुनिता गेली कैनाडला, माहेरी. मला अक्षर येत नाही, म्हणून एक टक् झालं की एक चिंचोका बाजूला. टक्, चिंचोका. टक्, चिंचोका. शेवटी हिशेब लावतो तर काय? बरण्या बावीस, टक् एकवीस!

उरलेली ती पहिली, मोरूच्या घरी! ती वाटेत वाजली असेल का हो? असेलही! पण वाट हायवेच्या कडेची, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकवाले भोंगे मारतायत, तिथं माझी हाक मला ऐकू येत नाही, झाकणाची कुठली येणार?

मग मागून आणायची ना, म्हणाल. देवापुढे टेकवलेलं परत मागतात का? आणि काय सांगू, "मोरू, तुला विष दिलं, जरा परत दे"?

सुनिताचा फोन आला. "बाबा, सगळ्या वाजल्या ना?"

"हो तर!" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा सुनेशी खोटं बोललो…

तीन दिवस, तुम्हाला सांगतो, मी मोरूच्या कुडावरून नजर काढली नाही. तो खोकला, की मी उठून कुडाला कान लावायचो! एका दुपारी ओटीवर निपचित पडलेला. गेलो हळूच, नाकापुढे बोट धरलं.

एक डोळा उघडून म्हणतो, "काय रे बाबल्या, नाक चोरतोस?"

आणि तोही कसा, रोज सकाळी येऊन विचारतो, "बरा आहेस ना? पोट कसं आहे?" मला वाटे, ह्याचंच दुखतंय, लाजतोय बिचारा! बरण्या बावीस, टक् एकवीस… अन्न गोड लागेना. त्याची बायको नवशी दारात दिसली, तरी वाटायचं, आता ही रडत येते!

चौथ्या दिवशी नाही राहवलं. गेलो, त्याचे पाय धरले. "मोरू, खरं सांग. तो रस खाल्लास?"

मोरूनं फळीवरून बरणी काढली. जशीच्या तशी!

"तू खाल्लास?" मलाच विचारतो.

म्हटलं, "मी कसा खाणार? तू खाल्ल्याशिवाय आमच्यात शिवत नाहीत!"

तो मटकन खाली बसला. "अरे देवा! मला वाटलं, मी खाल्ला असं समजून तू खाल्लास, आणि मी तीन दिवस बघतोय, तू जगतोस का. तुझ्या सुनेनं नवशीलापण सांगितलंय ना विषाचं!"

मग बरणी माझ्यापुढे सरकवली, आणि हात जोडून म्हणाला, "झाकण खाली बसलंय रे, रोज दाबून बघतो मी. पण तुझ्या आजोबांनी ही रीत घातली तेव्हा झाकणं नव्हती. पहिला घास तू घे."