एकेचाळीस किल्ल्या

...आणि वर म्हणतात, तुमचं बरंय, गल्लीच्या तोंडावर चहाचं दुकान, बसल्या जागी माणसांची रीघ! अहो, रीघ आहे, नाही कोण म्हणतंय? सकाळी सातला मी आधण ठेवतो, सहा टेबलं पुसतो, कान शाबूत असलेले कप पुढे, कान तुटलेले मागे, आणि पहिल्या आत येतात त्या शिंपीणबाई. मी आशेनं किटली उचलतो. तर बाई पर्समधून काय काढतात? किल्ली. "भाऊ, एवढी ठेवा हं, पोरगी शाळेतून आली की द्या." बरं, म्हटलं, चहा? "नको हो, आत्ताच घरून पिऊन निघालेय."

तुम्हाला सांगतो, हे सुरू झालं एका खिळ्यावरून. मीच शहाणा, मीच ठोकला. खिळ्याची फळी झाली, फळीवर आज एकेचाळीस किल्ल्या, बाहेर पाटी 'चहागृह' आणि आत बघाल तर तुरुंगाचं ऑफिस! दंतवैद्याची किल्ली, त्याच्या सासूची किल्ली, 'ही सासूला देऊ नका' असं कानात सांगून ठेवलेली आणखी एक... हे सगळं ध्यानात मी ठेवायचं. आणि चहा? आत्ताच घरून पिऊन निघालोय. अहो, अख्खी गल्ली घरूनच पिऊन निघते, तर मी पाणी कुणासाठी उकळतोय?

उरलेलं दूध बायको रोज घरी नेते, दही लावते. परवा म्हणाली, "अहो, पुरे झालं आता दही." एवढंच. बारा वर्षांत कधी तक्रार केली नाही तिनं, म्हणून फार लागलं. दुसऱ्या दिवशी कागद चिकटवला. महिनाअखेर दुकान बंद, आपापल्या किल्ल्या न्याव्यात.

झालं! गल्लीत हाहाकार. सभा भरली. कुठे? माझ्याकडेच, दुसरीकडे फुकट कोण बसू देतंय? चोवीसच्या चोवीस खुर्च्या भरल्या, मला तर भरूनच आलं हो. दंतवैद्य उभा राहून म्हणतो, "हे नुसतं दुकान नाही, हा आपल्या वस्तीचा जीव आहे, तो वाचलाच पाहिजे!" टाळ्या. मी म्हटलं, मग टाकू चोवीस कप? सगळे एकमेकांकडे बघायला लागले... "आत्ताच घरून..."

मग एकेक करून किल्ल्या गेल्या. एक राहिली. रिटायर झालेल्या हेडमास्तरांची, वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. रोज आठच्या ठोक्याला दारातून फळीकडे बघायचे आणि जायचे. मला वाटायचं, म्हातारा संशयी आहे, किल्ली चोरीला गेली का बघतोय. म्हटलं, सर, तुमची तेवढी घेऊन जा. तर म्हणाले, "माझी माझ्या खिशात आहे. ही तुझ्यासाठी. एखाद्या सकाळी मी दारात दिसलो नाही, तर तू ही घेऊन वर यायचं. दुसरं कोण आहे मला?"

मी सरळ जाऊन कागद फाडला. बायकोला काय सांगायचं... बघू, दही खाता खाता सांगेन. किटली उचलली, म्हणालो, सर, बसा, चहा टाकतो.

सरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "नको रे. आत्ताच घरून पिऊन निघालोय."