डावी नळी

ऐका रं. जाळ जरा वाढवा, कुत्री आत घ्या, अन् ऐका. उद्या तांबीच्या खिंडीतनं कळप घालू, अर्ध्या दिवसाची चाल वाचंल, असं मघाशी तुमच्यातलं कोणतरी म्हणालं. कोण ते मी विचारत नाही. आधी गोष्ट ऐका, मग पुन्हा म्हणून दाखवा.

खाली बाजाराच्या गावात फत्तेसिंग इंगवले नावाचा बडा माणूस होता. जमीनजुमला, दारात जीप, कपड्याला कडक इस्त्री. नाद एकच, जुन्या दुनळी बंदुकांचा. काचेच्या कपाटात अकरा बंदुका उभ्या. विलायती, बापजाद्यांच्या काळातल्या. पावसाळ्यात दर आठवड्याला एकेक उतरवायचा, मोडून उघडायचा, गजाला फडकं लावून नळी पुसायचा, अक्रोडाच्या दस्त्याला हातानं तेल जिरवायचा. रिकाम्या बंदुकीचा घोडा कुणी उगाच सोडला तर त्याच्या कानाखाली बसलीच म्हणून समजा. बायको तापानं फणफणली होती तेव्हा हा गडी तीन दिवस एक गंजाचा ठिपका घासत बसला होता. लोखंडाची एवढी माया, अन् माणसाची? बोलायलाच नको.

बंदुका मिळवायचा कशा? तेही ऐका. कुठं म्हातारा शिकारी मेला की तेराव्याच्या आत हा दारात हजर. विधवेला म्हणायचा, परवाना नवऱ्याबरोबर मेला, आता बंदूक घरात सापडली तर पोलीस तुला बेड्या घालून नेतील. बाई घाबरायची. हा म्हणायचा, दे इकडं, मी ठाण्यात जमा करतो. अन् कुठलं ठाणं? बंदूक कपाटात.

तर खिंडीच्या पलीकडं कातळवाडीत आप्पा शिंत्रे नावाचा शिकारी मेला. त्याच्याकडं एक दुनळी होती. बाहेर दोन घोडे, नळ्यांच्या पोलादात लाटा उठल्यागत नक्षी. इंगवले दहा वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. गेला. आप्पाची बायको हौसाबाई, घरात एकटी. दुपारभर तिला धमकावलं, अंगठा घेतला, बंदूक घेतली. उजेडी निघाला असता, पण बाई रडत बसली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर येणार होता. तो आडवा आला असता. म्हणून रात्रीच निघाला. वाडीला रस्ता नव्हता, जीप खिंडीच्या अलीकडं उभी. दोन कोस पायी.

निघताना हौसाबाई उंबऱ्यात आली. म्हणाली, "रावसाहेब, बंदूक न्या. पर डाव्या नळीचं मेण काडू नगा. आमच्या मालकानी सोळा वर्सं त्या नळीला फडकं लावलं न्हाई."

"का?"

"त्यात लखू हाय."

इंगवले हसला. बाईमाणसाचं बोलणं म्हणून बंदुकीची पिशवी खांद्याला लावली अन् बॅटरी पेटवून वाटेला लागला.

आता बघा, दुसरा कुणी असता तर सरळ घरी गेला असता. पण हा पडला नादी. खिंडीत झऱ्याजवळ दगड आहे, तिथं टेकला. म्हणाला, नुसती बघू. बंदूक मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, बॅटरी पुढं धरली अन् मागनं डोळा लावला. उजवी नळी आरशागत लख्ख. डावीत मिट्ट काळोख, तोंडाशी मेणाचं बूच. त्याचा जीव कळवळला. मेणाच्या आत ओल राहते, ओल लोखंड खाते, सोळा वर्षं ही नळी सडतीय, असं त्याच्या मनात आलं. हौसाबाई दुपारभर रडली तेव्हा नाही कळवळला, बरं का. नळीसाठी कळवळला.

गज काढला. मेण ढकललं. टप्‌कन खाली पडलं.

फडकं घातलं, काळं आलं. दुसरं घातलं, तांबडं आलं. गंज असंल. तिसरं घातलं, तांबडं अन् ओलं. बोटाला गरम लागलं. नळीतनं दारूचा वास आला, ताजा, आत्ताच बार काढल्यासारखा. अन् मागनं, अगदी मानेजवळनं, कुणीतरी अदबीनं विचारलं,

"मालक, हाकारा घालू?"

इंगवले वळला. कोण नाही. झरा वाहतोय, बाकी काही नाही. त्यानं बंदूक पिशवीत कोंबली अन् पाय उचलला.

शंभर पावलं गेला असंल, उजव्या अंगाला डबा वाजला. टण टण टण. मग आरोळी. तुम्हाला माहीत नसंल, जुन्या काळी शिकारीत हाकारी असायचे. गरीब माणसं. रानात डबे बडवत, ओरडत शिरायची अन् जनावर बंदुकीसमोर आणून द्यायची. तसा हाकारा उठला. आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग मागं. दहा जणांच्या आरोळ्या, अन् दहाही आवाज एकाच माणसाचे.

इंगवले पळायला लागला. त्याच्या पायातनं ससा गेला. मग एक डुकरीण पिलं घेऊन घासून गेली, याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती जीव घेऊन पळत होती, हाही पळत होता, एकाच दिशेनं. तेव्हा त्याला कळलं, या हाकाऱ्यात आपण जनावर आहोत.

त्यानं पिशवी दरीत फेकली. खाली आपटल्याचा आवाज आला. दहा पावलं गेला, पिशवी खांद्यावर. पुन्हा फेकली. पुन्हा खांद्यावर, आता तोंड उघडं, नळ्या बाहेर. डाव्या नळीचा घोडा चढलेला. त्यानं अंगठ्यानं हळू उतरवला. क्लिक. पुन्हा चढला. अन् नळीचं तोंड वळून त्याच्या हनुवटीखाली येऊन टेकलं. गार लोखंड. ज्या लोखंडाला हा आयुष्यभर कुरवाळत होता, ते.

मग लखू समोर आला. वाटेच्या मधोमध, हातात रिकामा डबा. छातीत मुठीएवढं भोक, त्यातनं मागचं करवंदीचं झुडूप दिसत होतं. राग नाही, काही नाही. शांतपणे बोलला.

"हाकारा घालताना आप्पानं डुक्कर समजून मला ह्याच नळीनं मारलं. मग बोभाटा नको म्हणून झुडपात ढकललं. मी दुपारपातूर जित्ता हुतो, मालक. तुमी लोक शिकारीचं वाटं पाडत हुता, त्ये मला ऐकू येत हुतं. पानी मागितलं, कुनी आलं न्हाई."

इंगवले म्हणाला, मी त्यात नव्हतो. मला जाऊ दे. काय पाहिजे ते देतो.

"हाकारा उठला की बार निघाया पायजे. बंदूक ज्येच्या हातात, बार त्येच्यावर. दुसऱ्या कुनी आपल्या हातानं घेतली, तर तुमी सुटला."

एवढं बोलून बाजूला झाला. वाट मोकळी. पण डबे वाजतच होते, अन् नळी हनुवटीवरनं हलत नव्हती. इंगवले मान वर करून, ठेचकाळत खिंड उतरला. खाली जीप दिसत होती. आता घोडा पडणार, आता पडणार. धोतर कधी ओलं झालं ते त्याला कळलं नाही.

अन् पायथ्याला कंदील दिसला. एक धनगर गडी होता, तेवीस-चोवीसचा. गाभण मेंढी चुकली म्हणून शोधत होता. बड्या माणसाला धापा टाकताना बघून स्वतःच पुढं आला, विचारलं, काय झालं मालक, पाणी देऊ का.

आता तुम्ही म्हणाल, इंगवले क्षणभर तरी थांबला असंल. मनात काही आलं असंल. नाही. तो एवढंसुद्धा थांबला नाही.

"ही जरा धर रे. बुटाची नाडी सुटलीय."

गड्यानं कंदील खाली ठेवला अन् दोन्ही हातांनी बंदूक घेतली. मोठ्या माणसाची वस्तू, पडू नये म्हणून छातीशी धरली.

बार झाला. रिकाम्या नळीतनं.

इंगवलेनं मागं बघितलं नाही. जीपमध्ये बसला अन् गेला. सकाळी स्वतः ठाण्यात जाऊन सांगितलं, धनगरानं माझी बंदूक चोरली, चोरताना उडाली. बड्या माणसाचा शब्द. तसंच लिहून घेतलं.

तो धनगर म्हणजे मायाप्पा. माझा थोरला भाऊ.

ऐका. माझ्या आईनं चोराची आई म्हणून दिवस काढले. कुठल्या गावानं आमचा कळप खतासाठी शेतात बसवून घेतला नाही. मायाप्पाची चुकलेली मेंढी दुसऱ्या दिवशी आपली आपण मेंढरांच्या वाड्यावर आली, तिला बघून आई जी ओरडली ते मी अजून विसरलो नाही.

वीस वर्षांनी इंगवलेनं मला बोलावणं धाडलं. अंथरुणाला खिळला होता, अंगावर हाडं उरली होती. कपाटातल्या बंदुकांवर बोटभर गंज. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, एक शब्द न चोरता. म्हणाला, रोज दिवेलागणीला घराभोवती हाकारा उठतो. डबे वाजतात, अन् आता त्यात दुसराही एक आवाज असतो, मेंढरं हाकल्यासारखा. रोज एक पाऊल जवळ येतो. मी दाराला कडी घालायला लावून पडून राहतो. मायाप्पाच्या वतीनं मला माफ केलं म्हण, म्हणजे थांबंल. माझे पाय धरले त्यानं. रडला.

मी त्याच्या हातातनं पाय सोडवून घेतले. बाहेर दिवे लागत होते. मी उठलो अन् निघालो, अन् जाताना दार सताड उघडं ठेवून आलो.

पाप लागलं असंल तर लागू दे. मला वाईट वाटत नाही.

पण तांबीच्या खिंडीतनं कुणी जाऊ नका. लखूला मी भीत नाही. तिथं अजून अंधार पडला की मायाप्पा मेंढीला साद घालतो. त्याचा आवाज तुम्ही ओळखणार नाही, जिवंत माणसाचा समजून ओ द्याल अन् त्या हाकाऱ्यात सापडाल; मी ओळखतो. दोनदा खालनं जाताना ऐकलाय. दोन्ही वेळा मी तोंडात पटका कोंबून पळालो, कारण तो माझा दादा आहे, अन् त्याच्या सादेला ओ दिल्याशिवाय मला राहवत नाही.