उलटा बाण

लेहच्या संग्रहालयात रांगेत उभ्या असलेल्या अबोल जिग्मेतच्या कानी पुढचे बोलणे आले. म्हातारी यांगडोल पहारेकऱ्याशी भांडत होती.

“आमा-ले, जमिनीवरच्या बाणाप्रमाणे चला.”

“तसं गेलं तर तारादेवी डाव्या हाताला येते. देवीला उजवीकडे ठेवून फिरतात, गाढवा!”

“नियम आहे. माझी नोकरी जाईल.”

“माझ्या बापाने पाठीवरून खिंडीपार आणलेली मूर्ती माझ्या पोराने तुम्हाला देऊन टाकली. मरण्याआधी एक फेरी मारू दे.”

“हळू बोला.”

“दिवसभर उलटा फिरतोस? पुढच्या जन्मी खेचर होशील.”

“म्हणून तर दार लावल्यावर तेवढ्याच फेऱ्या सुलट मारतो.”

पहारेकऱ्याने टोपी काढून जमिनीवरचा बाण हलकेच झाकला.

“जा, आमा-ले.”

“तूही चल. तुझी संध्याकाळची एक फेरी वाचेल.”